तात्यांची पाचवी

"पोह्यांत शेंगदाणे मोजून घातलेत वाटतं."

हेमांगीच्या हातातला डाव हातातच राहिला. स्वयंपाकघरात ती होती, आणि टेबलापाशी चाकांच्या खुर्चीत तिचे सासरे, तात्या. तिसरं कोणी नव्हतं. आणि तात्या तर दिवाळीच्या आधी झटका आल्यापासून एक अक्षर बोललेले नव्हते. आता ओहायोतला बर्फ वितळून दारासमोर ट्युलिपांनी माना वर काढल्या होत्या.

"तात्या, तुम्ही बोललात?"

तात्या तिच्याइतकेच दचकलेले. ओठ मिटलेले. गळ्याला चिकटवलेल्या पट्टीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि टेबलावरच्या डबीतून पुन्हा आवाज आला, "अरे देवा. हे ऐकू गेलं की काय!"

हेमांगी आधी हसली, मग रडली, मग डोळे पदराला पुसायला गेली तर अंगात टीशर्ट. शेवटी तिने मूठभर दाणे तळले आणि सासऱ्यांच्या बशीत असे ओतले की खालचे पोहे दिसेनासे झाले.

झटक्याने तात्यांची बुद्धी नेली नव्हती, वाचा नेली होती. विट्याच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं इतिहास आणि त्याच्या शेपटाला बांधलेलं नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस, सूनबाई आंघोळीचं पाणी गरम आहे का विचारायची तेव्हा नुसता बघत राहायचा. ते बघणं हेमांगीला सोसवत नसे. म्हणून ही पट्टी. घरात तिचं नाव पडलं गळपट्टी.

गळपट्टीचं शास्त्र सांगायला सोपं आहे. मनातल्या मनात बोलताना आपण गप्प आहोत असं आपल्याला वाटतं, आपल्या गळ्याला तसं वाटत नाही. मनात 'पाणी' म्हटलं तरी मेंदू जिभेला, जबड्याला, स्वरयंत्राला पाण्याचा हुकूम धाडतोच. फक्त तो इतका हलका असतो की स्नायू जागचे हलत नाहीत. त्या हुकमाची बारीकशी वीज मात्र कातडीपर्यंत येते. पट्टी ती वीज टिपते, यंत्र तिच्यावरून शब्द ओळखतं आणि डबी तो उच्चारते.

अडचण मराठीची होती. यंत्र इंग्रजी शिकून आलेलं, स्पॅनिश शिकून आलेलं. मराठी त्याला कोणीतरी शिकवायला हवी होती, आणि ज्यांची शिकवायची ते तर मुके. तेव्हा दुसरी पट्टी हेमांगीने आपल्या गळ्याला लावली. ती एकच वाक्य एकदा मोठ्याने म्हणायची, एकदा मनात. यंत्र दोन्ही ताडून बघायचं आणि मग तात्यांच्या गळ्यातल्या अंधुक खुणांचा अर्थ लावायचं. वाचायला काय घ्यायचं? तिची अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा जवळ आली होती. एका दगडात, म्हणजे एका गळ्यात, दोन कामं. हिवाळाभर ती त्या देशाच्या राज्यघटनेचं कलम इंग्रजीत वाची, मग त्याची मोडकीतोडकी मराठी करी. पट्टी ऐके आणि समोर तात्या मान हलवून हलवून वैतागत. पुढे पट्टी बोलू लागल्यावर कळलं की ते इतके दिवस तिच्या मराठीला मार्क कापत होते.

पण यंत्राला एक गोष्ट कळत नसे. मनातलं कुठलं बोलण्यासाठी आहे आणि कुठलं नाही. जीभ टाळूला टेकवली की शब्द आत राहत, पण तात्या विसरत. मग जेवणाच्या टेबलावर अचानक, "जयवंताचं पोट बघा," असं काहीतरी बाहेर पडे. जयवंत म्हणजे त्यांचा मुलगा, हेमांगीचा नवरा. तो घास तसाच ठेवून विचारी, "तात्या, माझ्या पोटाचं काय?"

त्यावर उपाय तात्यांनीच काढला. "अमेरिकेच्या घटनेतली पाचवी दुरुस्ती," डबी मास्तरी सुरात म्हणाली. "कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. आजपासून या घरात ती लागू. ज्याचं मनातलं निसटेल त्याने 'पाचवी' म्हणायचं. पुढे प्रश्न नाही, रुसवा नाही. आपल्या घटनेतही आहे हो ते, विसाव्या कलमात. पण 'विसावं' म्हटल्यावर जरा बसावंसं वाटतं."

तेव्हापासून घरात पाचवी सुरू झाली. भाजी खारट झाली का? पाचवी. ऑफिसातून खरंच उशिरा सुटलास की गाडीत बसून गाणी ऐकत होतास? पाचवी. सांगलीहून तात्यांची मुलगी चारूताई फोनवर होती, तिने नेमका तोच शब्द ऐकला आणि ओरडली, "अगं हेमे, पाचवी कुणाची? बाळ कुणाला झालं? मला कुणी काही सांगेल का?"

एवढं हसणं त्या घरात कितीतरी दिवसांनी झालं होतं. हेमांगी पुढे नेहमी म्हणायची, त्या पट्टीने आम्हाला दीड वर्ष तात्या परत दिले, आणि तेही तिखटमीठ लावलेले.

दीड वर्षाने मात्र तात्या आतूनच विरत गेले. गळ्यातल्या खुणा इतक्या पुसट झाल्या की यंत्राला त्या वाचायला हेमांगीच्या गळ्याचा आधार दिवसभर लागे. ती त्यांच्या उशाशी पट्टी लावूनच बसे, त्यांचं अंग पुसताना, कूस बदलताना, चादर धुवायला टाकताना. जयवंत सकाळी लवकर ऑफिसला जाई आणि दिवे लागल्यावर येई. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. नर्स येऊन जाई, दुखणं शमवायला मॉर्फिनची छोटी बाटली ठेवून गेली होती. जिभेखाली सोडायचं. निम्मं तर ओठांच्या कडेने टॉवेलवर ओघळे. नर्सला फोन केला की ती सांगे, परत द्या. हेमांगी परत देई.

शेवटच्या दुपारी चारूताईही सांगलीहून येऊन पोचली होती. उशाशी एक पडदा ठेवलेला. दोन्ही पट्ट्यांचे शब्द नर्सला वाचता यावेत म्हणून त्यावर इंग्रजीत उमटत.

"तात्या, फार दुखतंय का?" जयवंतने विचारलं.

बऱ्याच वेळाने पडद्यावर, यंत्राला भाषांतर न जमल्यामुळे, मराठीतच अक्षरं आली. "पाचवी."

तेच त्यांचं शेवटचं. थोड्या वेळाने श्वास थांबला. तात्यांची ओळ कोरी झाली आणि तिच्याखाली हेमांगीच्या ओळीवर एक इंग्रजी वाक्य उमटलं. त्याचा अर्थ होत होता, मी मुक्त झाले.

तिघांनीही ते वाचलं. जयवंतने पडदा पालथा घातला. आणि त्या वाक्याबद्दल त्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

*

नर्सने उरलेलं औषध तपासलं तेव्हा ते असायला हवं त्यापेक्षा कमी भरलं. टॉवेलवरच्या डागांची नोंद कोण ठेवतो? फोनवर परत द्यायला आपणच सांगितलं, हे नर्सने कळवलं, डॉक्टरांनीही काही वावगं दिसत नाही म्हटलं, पण काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सरकारी वकिलांना फाईल बंद करण्याआधी सुनेने मुद्दाम जास्त औषध दिलं नाही याची खात्री हवी होती. सुनेच्या गळ्याला त्या वेळी पट्टी होती. म्हणजे औषध देताना तिच्या मनात काय होतं, हे जगात पहिल्यांदाच कुठेतरी साठवलेलं होतं. ते उघडलं की प्रश्नच मिटला!

पट्टी उघडणार कशी? हेमांगीने मनात एक ठरलेलं वाक्य म्हटलं तरच ती उघडे. तेव्हा कोर्टाने तिला ते वाक्य म्हणायला लावावं, असा अर्ज झाला. तिची नागरिकत्वाची मुलाखत लांबणीवर पडली. ओळखीच्या बायका भेटल्या की फारच गोड बोलू लागल्या.

तिची वकील लोरेन व्हिटेकर नावाची साठीची काळी बाई होती. पर्समध्ये कायम पेपरमिंटच्या गोळ्या, आणि प्रत्येक अवघड प्रश्नाआधी समोरच्याला एक गोळी द्यायची पद्धत. हेमांगीला गोळी मिळाली.

"त्या पट्टीत काय आहे?"

"एक शब्द," हेमांगी म्हणाली. "सुटले."

"यंत्राने त्याचं काय केलं?"

"मी मुक्त झाले."

लोरेनने स्वतःही एक गोळी तोंडात टाकली. "आणि बरोबर आहे का ते भाषांतर?"

मग हेमांगीने तिला मराठी समजावली. एखादी बाई स्वतःबद्दल 'सुटले' म्हणते, तेव्हा ती मोकळी झालेली असते. पण मोठ्या माणसाला आम्ही आदराने 'ते' म्हणतो. तात्या आले, तात्या जेवले. आणि फार हाल सोसून गेलेल्या माणसाबद्दल मायेने म्हणतात, सुटले. यातना संपल्या त्यांच्या. शब्द तोच, मात्रा तीच. पट्टी बाईच्या गळ्याला होती म्हणून यंत्राने बाईचा अर्थ धरला.

"म्हणजे पुरुषाने म्हटलं असतं तर?"

"पुरुष स्वतःबद्दल 'सुटलो' म्हणतो. त्यात काही गोंधळ होत नाही."

लोरेनचा चेहरा उजळला. "मग काम झालं! तुम्ही उभं राहायचं, शपथ घ्यायची, सांगायचं की मी ते सासऱ्यांबद्दल म्हटलं. मराठी जाणणारा कोणीही दुजोरा देईल. जेवणाच्या सुट्टीआधी घरी."

हेमांगीच्या तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"हेमांगी? ते त्यांच्याबद्दलच होतं ना?"

"पाचवी," हेमांगी म्हणाली, आणि मग तिला ते इंग्रजीत समजावून सांगावं लागलं.

लोरेन हसली नाही. ती खुर्चीत मागे टेकली. "ऐका. एकोणीसशे सहासष्ट साली आमच्या सर्वोच्च न्यायालयाने आठवड्याभराच्या अंतराने दोन निकाल दिले. पहिल्यात म्हटलं, पकडलेल्या माणसाला चौकशीआधी सांगायलाच हवं की तुला गप्प राहायचा हक्क आहे. दुसऱ्यात म्हटलं, दारू पिऊन गाडी ठोकल्याचा संशय असलेल्या माणसाचं रक्त त्याच्या मर्जीविरुद्ध काढलं तरी चालेल, कारण रक्त काही बोलत नाही. पुढे एका न्यायमूर्तींनी ते फार छान सांगितलं. तिजोरीची किल्ली सरकार मागू शकतं. पण कुलपाचा आकडा माणसाच्या मनात असेल, तर तो वदवून घेता येत नाही. आता तुमच्या गळ्यातली वीज ही किल्ली की आकडा? रक्त की बोलणं? हे अजून कोणी ठरवलेलं नाही. मी भांडेन. पण हरू शकते. आणि एका वाक्याने तुम्ही आजच मोकळ्या होऊ शकता."

"एका वाक्याने," हेमांगी म्हणाली, "आणि शपथेवर."

घरी परतल्यावर चारूताईने तेच लावून धरलं. तिने स्वतःचं डोकं चालवून तोच मार्ग शोधला होता, फक्त पडद्याचं नाव न काढता. "हे बघ हेमे, कोर्टात कुणी काही विचारलंच, तर आदरार्थी बहुवचन म्हणून सांगायचं. तात्यांबद्दल आपण कधी एकवचनात बोललोय का? मग झालं तर. त्यात खोटं काय आहे?"

"ताई, खोटं नाहीच."

"मग?"

"अख्खंही नाही."

चारूताईने जयवंतकडे पाहिलं. जयवंतने नळ सोडला आणि आधीच स्वच्छ असलेला पेला विसळायला घेतला. पडदा पालथा घातल्यापासून त्याने हेमांगीला काही विचारलं नव्हतं, आणि न विचारण्याचा तो सगळा भार घरात भिंतीएवढा उभा होता. हेमांगीला कोर्टाची भीती वाटत होतीच. पण ती रात्री कूस बदलायची ती या पाठमोऱ्या माणसामुळे. त्याने तिच्याबद्दल काय धरलंय मनात? विचारलं तर तो पाचवी म्हणेल, आणि नियमाप्रमाणे तिला गप्प बसावं लागेल.

*

कोर्टाच्या खोलीत गारठा होता. न्यायाधीश हॅलोरन म्हातारे होते, आणि कानात यंत्र असूनही कानामागे हात धरून ऐकत.

सरकारी वकील तरुण आणि सभ्य होता. त्याने रक्ताचाच दाखला दिला. ही वीज आहे, महाशय, शरीरातली वीज. नाडी असते तशी. शिवाय पट्टी या बाईंनी स्वखुशीने लावली होती, कोणी बळजबरी केलेली नाही.

लोरेन उठली. "नाडीला व्याकरण नसतं," ती म्हणाली. "या विजेला कर्ता आहे, क्रियापद आहे, एकवचन आहे, बहुवचन आहे. ते बोलणं नसेल तर मग आपण दोघं आत्ता काय करतोय?"

न्यायाधीशांनी हात खाली केला. "मिसेस साळुंखे, मी निकाल देण्याआधी विचारतो. हा हक्क तुमचा आहे, तो तुम्ही सोडूही शकता. त्या दुपारी मनात काय आलं, हे तुम्हाला आपणहून सांगायचं आहे का?"

मागच्या बाकावर चारूताईने घसा खाकरला. त्याचा अर्थ हेमांगीला कळला: बहुवचन, बहुवचन.

हेमांगी उभी राहिली. तिला ती दुपार स्पष्ट दिसत होती. तात्यांच्या कपाळावरची आठी सैल पडली, आणि तिच्या मनात तो शब्द आला. ते सुटले म्हणून आला. आणि त्याच क्षणी, त्याच शब्दात, तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ती धुवायची चादर, ते सारखं कान देऊन बसणं. त्या एका शब्दात दोघं हात धरून बाहेर पडले होते. आता त्यातल्या एकाला मागे ठेवून ती दुसऱ्याची शपथ कशी घेणार? तात्यांनी दीड वर्षं तिच्या मराठीला मार्क कापले, ते काय यासाठी?

आणि तिला कृतज्ञ वाटलं. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी केसांचे टोप लावलेल्या काही पुरुषांनी एक ओळ लिहून ठेवली. त्यांच्यातल्या एकानेही तिला आपल्या बैठकीत बसू दिलं नसतं, लोरेनला तर नाहीच. तरी त्या ओळीत आज तिला पाय ठेवायला जागा होती. ही ओळ कळली ती विट्याच्या एका मास्तरामुळे, ज्याला स्वतःला जीभ हलवता येत नव्हती.

"नाही, युअर ऑनर," ती म्हणाली. "मला गप्प राहायचंय."

चारूताईने मागे डोक्याला हात लावला.

न्यायाधीशांनी निकाल लिहून आणलेला नव्हता. ते सावकाश बोलले. "माणूस स्वतःशी बोलतो, ते बोलणंच असतं. फक्त ऐकणारा एकच असतो. या बाईंनी एका म्हाताऱ्याला शब्द मिळावेत म्हणून आपला गळा उसना दिला. त्याबरोबर मनाची चावी दिली, असं मी मानणार नाही. यंत्र उद्या आणखी हुशार होईल. म्हणूनच कुंपण आज घालायला हवं. अर्ज फेटाळला आहे."

बाहेर आल्यावर लोरेनने तिला मिठी मारली आणि पेपरमिंटचं अख्खं पाकीट हातात कोंबलं. दुसऱ्या बाजूने अपील केलं नाही. नर्सच्या आणि डॉक्टरांच्या जबाबापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतंच.

*

निकालाच्या दुपारी स्वयंपाकघरात चारूताईने पोहे केले. रागात असली की ती रांधते.

"सुटलीस कोर्टातून, बरं झालं," ती कढईशी बोलावं तसं बोलली. "पण एक शब्द सांगितला असता तर कायमचं निस्तरलं असतं. आता माणसं म्हणतच राहतील, काय होतं त्या पट्टीत, काय होतं." मग तिचा आवाज खाली आला. "मी म्हणेन हं सगळ्यांना. तात्या सुटले, असंच म्हणायचं होतं आमच्या हेमाला. मला ठाऊक आहे. तसंच होतं."

तिने बश्या पुढे ठेवल्या. हेमांगीने पाहिलं, ताईने तिच्या बशीत दाणे पार डोंगरासारखे घातले होते. ताईला दुसरं काही बोलता येत नव्हतं, म्हणून दाणे. हेमांगीने तिचा हात धरला. "ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"काहीतरीच. मी काय केलं? नुसती खाकरले."

जयवंतची बशी तशीच होती. टेबलावर तात्यांची डबी आणि पट्टी अजून ठेवलेली होती, पट्टीवरचा दिवा विझलेला. तो डबीकडे बघत होता.

"मी रोज ऑफिसात उशिरापर्यंत बसायचो," तो म्हणाला. "काम नसायचं."

"जयवंता, जेव," चारूताई घाईने म्हणाली.

"चादरी हेमांगी धुवायची. मी गाडी दारात लावून आत बसून राहायचो. तो वास येऊ नये म्हणून."

"जयवंत," हेमांगी हळूच म्हणाली, "पाचवी म्हण. चालेल. मी काही विचारलेलं नाही."

"माहितीये. तू कधीच विचारलं नाहीस." त्याने डबी उचलून तळहातावर घेतली. "त्या दुपारी पडद्यावर तुझं वाक्य आलं, तेव्हा मी तो पालथा का घातला? तुला वाटलं असेल, मी तुझ्यावर चिडलो. मी घाबरलो होतो. वाटलं, माझंच वाचलं कुणीतरी."

"अरे, तिचं तात्यांबद्दल होतं," चारूताईचा आवाज चिरकला. "आदरार्थी..."

"तिचं तिला माहीत, ताई. तो तिचा हक्क आहे." त्याने पहिल्यांदा मान वर करून बायकोकडे सरळ पाहिलं. "मी माझं सांगतोय. तात्या गेले आणि मी सुटलो."